सरदाराची वकिली

बोंडअळीच्या वर्षी उमरखेडला कापूस विकायला आलेल्या ट्रॅक्टरांची रांग सकाळपासून हलली नव्हती. आमच्या पुढच्या ट्रॉलीत कापसावर बहीण-भाऊ बसले होते. भाऊ मोबाइलवर भराभर काहीतरी लिहीत होता.

"संघदीप, एवढं काय लिहून राह्यला रे?"

"गेमच्या ग्रुपवर, ताई. लोकं आमच्या सरदाराले शिव्या देऊन राह्यले."

"काहून? काय केलं त्यानं?"

"एका गावच्या विहिरीत विष टाकलं. पन त्याची मजबुरी होती. गाव फितूर झालतं."

"लेकरं नोहती त्या गावात?"

"होती. पन लहानपनी त्याच्या बापाले दुश्मनानं मारलतं."

"आपलं अर्धं पीक अळीनं खाल्लं. तू कोनाची विहीर नासवली का?"

"तो मंग लय रडते, ताई. आवाजच असा हाये त्याचा, ऐकलं का माफ करून टाकावं वाटते."

"विहिरीवर तोच गेलता?"

"नाही, तो गडावर होता. त्यानं नुसता हुकूम दिलता."

"मंग विष कोनं टाकलं?"

"टाकलं म्हंजे... बटन त मीच दाबलं."

"नाही म्हनता येत नोहतं?"

"येत होतं. दोन बटनं होती. पन नाही म्हटलं असतं त तलवार नसती भेटली."

"तलवारीसाठी?"

"सोन्याच्या मुठीची होती, ताई. हासू नको. दोन दिवसांपासून त्याची वकिली करून राह्यलो, अन् आरोपी मीच निघालो."

"बरं, त्या तलवारीनं लढला तरी का?"

"पयल्याच लढाईत तुटली."