कॅप्टनची धाव

...आणि वर म्हणते काय, 'बाबा, सरप्राइज!' अगं, कसलं डोंबलाचं सरप्राइज? शनिवारची सकाळ, माणूस निवृत्त झालाय, जरा लोळावं, दुसऱ्यांदा चहा मागावा, नाही मिळाला तर थोडं रुसावं, एवढीच काय ती चैन उरलीय, आणि डोळे चोळत बैठकीत येतो तर समोर खुर्च्यांची रांग! थेटरात मांडतात तशी! मधोमध सासरे, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मेहुणा, त्याला तर मुद्दाम फोन करून बोलावलेला, आणि टीव्हीपुढे आमची कन्या, हातात रिमोट, चेहऱ्यावर असा आनंद की विचारू नका. 'बाबा, तुमचं कार्टून सापडलं! इंटरनेटवर! सगळेच्या सगळे भाग!'

आता तुम्हीच सांगा, काही गरज होती का?

नाही, तुम्हाला आधी कार्टूनचं सांगतो. 'सप्तग्रह दल' नावाचे सिनेमे एके काळी तुफान चालले. अंतराळयानं, किरणांच्या बंदुका, रुबाबदार कॅप्टन, केसाळ राक्षस, दुष्ट महाराणी, सगळा मसाला. मग कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की यावर पोरांसाठी कार्टून काढू, शनिवारी सकाळी दाखवू, म्हणजे पोरं गप्प बसतील आणि आईबाप झोपतील. दाखवणार कुठे? दूर परदेशात. आणि चित्रं काढणार कोण? आम्ही! एका जुन्या गोदामात काचेच्या टेबलांच्या रांगा, काचेखाली दिवा, वर कागद, आणि कागदावर वाकलेली आम्ही पोरं. कॅप्टनने हात वर केला, तर खाली असलेला हात वरिष्ठ काढणार, वर गेलेला हात वरिष्ठ काढणार, आणि मधे जे काय दहा-बारा हात येतात ते आम्ही, पायांचंही तेच. नाव? कुठेही नाही. आणि मजा बघा, आम्ही काढलेलं ते कार्टून आम्ही कधी पाहिलंच नाही, कारण आमच्याकडे ते लागलंच नाही!

न पाहिलेल्या गोष्टीची स्तुती करणं किती सोपं असतं, नाही? लग्न झाल्यापासून मी सांगत आलोय. 'काय कार्टून होतं म्हणून सांगू! सिनेमा त्यापुढे पाणी भरेल!' खोटं पाडणार कोण? आणि ऐकवायचं तरी कुणाला होतं? एकाच माणसाला. सासऱ्यांना.

सासरे म्हणजे आमचे अप्पा. शहराच्या बसमधले तिकीट तपासनीस. डेपोत त्यांना ससाणा म्हणायचे, का ते सांगायला नको. बसमध्ये चढले की शेवटच्या बाकावरचा माणूससुद्धा खिसे चाचपायला लागायचा, तिकीट असलेला! असा हा माणूस, आणि त्याचा मी जावई. लोकांना माझी ओळख कशी करून द्यायचे ठाऊक आहे? 'हे आमचे जावई. दिवसभर बसून पायांची चित्रं काढतात. दुसऱ्यांच्या पायांची.' अहो, पुढे मी शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढली, हृदय काढलं, फुफ्फुसं काढली, पृथ्वीच्या पोटातले थर काढले... अप्पांच्या लेखी मी आपला पायवालाच! हसू नका. माणूस आयुष्यभर कशाकशासाठी झुरतो, मी एका तिकीट तपासनिसाच्या तोंडून 'काम बरं करता हं तुम्ही' एवढं ऐकायला झुरलोय. वाक्यसुद्धा मीच तयार करून ठेवलंय त्यांच्यासाठी, फक्त म्हणायचं बाकी आहे!

तेव्हा त्या सकाळी मीही जरा फुगलो, नाही कशाला म्हणू. म्हटलं लाव बेटा, बघू दे एकेकाला. खुर्ची ओढून अप्पांच्या शेजारीच बसलो.

कपाळ माझं! अहो, किती वाईट असावं एखादं कार्टून? पहिल्यांदा कॅप्टन आला, तर मेहुणा विचारतो, 'दाजी, हा कोण?' अरे कॅप्टन! 'पण सिनेमातल्यासारखा दिसत नाही.' कसा दिसेल? सिनेमातल्या नटाने चेहरा वापरू दिला नव्हता, म्हणून याची हनुवटी ओढून लांब केलेली, घोड्याला लाजवेल अशी. मग राक्षस आला. 'दाजी, हा तर अस्वलासारखा होता ना? टकला कसा?' अरे बाबा, केस! एकेक केस प्रत्येक कागदावर काढायचा म्हणजे वर्ष गेलं असतं, वरून हुकूम आला, भादरा त्याला. भादरला! हलत तर कुणीच नाही. नुसते उभे. खांब! तोंडं तेवढी हलतायत, तीसुद्धा आवाज संपल्यावर. आणि आवाज? सगळ्यांना मिळून एकच बाप्या! कॅप्टन छाती फुगवून त्यांच्या भाषेत म्हणतो, 'महाराणी, शरण ये!' आणि तोच गडी नाक दाबून महाराणीचं उत्तर देतो, 'जमणाऽऽर नाही!'

बायको हळूच माझ्या कानाशी, 'अहो, हेच का ते अद्भुत?' म्हटलं, थांब गं, पुढे रंगतं. डोंबल रंगतंय! आणि अप्पा? दोन्ही हात पुढ्यातल्या वॉकरवर. गुडघे पार गेलेत हो त्यांचे. वर्ष झालं आमच्याकडेच असतात, आतल्या खोलीतून बैठकीत यायचं तर वॉकर टेकत टेकत, आणि मधे कुणी हात द्यायला गेलं तर असं बघतात की हात आपोआप मागे येतो. ओरडले असते तर परवडलं असतं, पण डोळे टीव्हीवर रोखलेले, तिकीट तपासावं तसे! काही गरज होती का?

आणि मग कॅप्टन धावला.

तुम्हाला सांगतो, सगळे खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावर कॅप्टन आडवा धावतोय, मान पुढे काढलेली, उजवा हात कमरेशी काहीतरी गच्च दाबून धरलेला, कमरेला काहीही नाही बरं का, हात मात्र गच्च, आणि डावा हात वर, बोट रोखलेलं, 'थांब, तिथेच थांब' म्हणाल्यासारखं, आणि डावं पाऊल प्रत्येक वेळी बाहेर फेकलेलं. बायको ताडकन उभी राहिली. 'अहो... हे अप्पा आहेत!'

झालं! रिमोट हिसकावून घ्यावासा वाटला मला. कारण होतेच हो अप्पा! कमरेची ती दंडाच्या पावत्यांची चामडी बॅग, धावताना उडू नये म्हणून दाबून धरायचे, ती तेवढी नव्हती, बाकी सगळे अप्पा!

कसं झालं म्हणता? एकदा वरिष्ठ रजेवर होते, म्हणून कॅप्टनची अख्खी धाव माझ्याकडे दिली होती. आमचा सुपरवायझर रोज कागद फेकायचा. 'हा कॅप्टन आहे की सकाळी फिरायला निघालेला पेन्शनर? अरे, त्याला कुणाला तरी पकडायचंय! जीव खाऊन धावला पाहिजे! आयुष्यात कुणाला धावताना पाहिलंयस की नाही?' नव्हतं पाहिलं! आणि नेमकं त्याच आठवड्यात आम्ही दोघं, म्हणजे ही आणि मी, लग्नाच्या आधीची गोष्ट, फुटपाथवरून आपले गप्पा मारत चाललोय, शेजारून बस गेली, आणि धावत्या बसमधून ससाण्याने उडी टाकली! ड्युटी सोडून! मी पळालो. चार गल्ल्या पळालो, आणि वळून वळून बघत होतो ना, तो माणूस असा डोळ्यांत बसला, असा बसला, की दुसऱ्या दिवशी टेबलावर पेन्सिल टेकवली आणि हात आपला आपण चालला. सुपरवायझर उड्या मारायला लागला. 'हां! याला म्हणतात धाव!'

बरं, एकदाच धावला असता तर मिटलं असतं. पण त्या धंद्याची रीत अशी, की एकदा जमलेली धाव कपाटात जपून ठेवायची आणि लागेल तेव्हा काढून वापरायची, वरचं डोकं फक्त बदलायचं. झालं ना वाटोळं! बर्फाच्या ग्रहावर कॅप्टन धावला, अप्पा! पाण्याखाली धावला, अप्पा! टकला राक्षस धावला, तोही कमरेची बॅग दाबून! शेवटी ती महाराणी, मुकुट घातलेली, पायघोळ झगा, ती पळत सुटली, बोट रोखून, डावं पाऊल बाहेर फेकत, आणि तिच्यामागे कॅप्टन... अप्पांच्या मागे अप्पा लागले हो! पूर्ण आकाशगंगेत एकाही माणसाला दुसऱ्या तऱ्हेने धावता येईना!

मेहुणा खुर्चीवरून खाली. 'दाजी... दाजी, अप्पा झग्यात!' कन्या पोट धरून बसलेली. बायको पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळलेली. आणि मी? जमीन दुभंगते का बघत होतो. सख्ख्या जावयाने सासऱ्याला झगा घालून जगाला दाखवला! काय गरज होती? काय, काय गरज होती?

अप्पा हसले नाहीत. म्हणाले, 'थांबवा ते.'

कन्येने बटण दाबलं. म्हटलं, संपलो. आता पहिल्या दिवसापासूनचं सगळं निघणार.

'मागे घ्या.'

कन्येने मागे घेतलं. कॅप्टन धावला. 'पुन्हा.' पुन्हा धावला. माझी नजर खाली गेली, तर वॉकरमागे, चपलेतलं त्यांचं डावं पाऊल हळूच बाहेर सरकत होतं. पडद्यावरच्या प्रत्येक पावलाबरोबर. ज्या माणसाला मोरीपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागतं तो दोन-दोन वेळा धावला, माझ्या शेजारी बसून. मला भरून आलं. त्या माणसासाठी! ज्याने मला चार गल्ल्या पळवलं त्याच्यासाठी!

आणि मग ते माझ्याकडे वळले. माझ्याकडे! म्हटलं, आलं, आता ते वाक्य आलं.

'डावा पाय,' म्हणाले, 'मी याहून लांब टाकायचो.'

बस. एवढंच! आणि तेव्हापासून दर शनिवारी उजाडायच्या आत माझ्या खोलीच्या दारावर वॉकर आपटतो. 'उठा, लावा!' चहा नाही, लोळणं नाही, मी रिमोट घेऊन शेजारी. मधलं बोलणं पळवायचं, फक्त धाव दाखवायची.

परवा गुडघ्यांच्या व्यायामाला घेऊन गेलो, तर तिथल्या व्यायाम घेणाऱ्या ताईंना सांगतात कसे, 'मी टीव्हीवर असतो. अंतराळात. कॅप्टन.' त्यांना काही कळेना, मग मी सगळं समजावून सांगितलं, अगदी सविस्तर, काचेचं टेबल, खालचा दिवा, मधली चित्रं. बाई बिचाऱ्या भल्या, म्हणाल्या, 'अय्या! म्हणजे आजोबा, इतकी सुंदर चित्रं यांनी काढली?'

मी शर्ट नीट केला, खोटं कशाला बोलू. अप्पांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.

अप्पांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ताईंना म्हणाले, 'चित्रं काय, कुणीही काढतं हो. धावायला माणूस लागतो.'