उसनं दिलेलं लाल कापड

लेक (फोनवर): नाही मॅडम, प्रदर्शन कधी संपतंय ते नका सांगू. आमचं कापड आज मिळेल का, तेवढं सांगा.

संग्रहपाल: ताई, आज कसं मिळेल? ते तिकडे दोन देशांपलीकडे काचेच्या पेटीत आहे. एवढी घाई कशाची? आई बऱ्या आहेत ना?

लेक: आई सकाळी गेली.



संग्रहपाल: अहो... मागच्या महिन्यात माझी केवढी थट्टा केली त्यांनी!

लेक: तेव्हा ठणठणीत होती. म्हणून तर मुदत वाढवायला मी हो म्हटलं. आमच्याकडे मूल झालं की त्यातच गुंडाळायचं. माणूस गेलं की त्याच्यावर घालायचं, नेताना तेवढं काढून ठेवायचं. खापरपणजोबांपासून कुणी त्याच्याशिवाय गेलं नाही.

संग्रहपाल: सांगितलं होतं त्यांनी. हिंदुस्थानात छापलेलं, जहाजातून आपल्या या बेटावर आलेलं, मूठभर लवंगांच्या बदल्यात घेतलेलं. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "न्या, पुन्हा जरा फिरू दे त्याला. मी एवढ्यात कुठे जात नाही."

लेक: काल अंगावर हात फिरवून चाचपडत होती. "लाल कुठंय?" मी म्हटलं, धुवायला टाकलंय. तर माझ्यावरच खेकसली, "ते कधी धुतात का गं, वेडे?" त्यानंतर बोललीच नाही. मॅडम, शेवटी मी तिला थापच मारली हो.

संग्रहपाल: मी ते न्यायलाच नको होतं. ऐका, आमच्या कोठारात तसंच एक आहे. तेच ठसे, तोच लाल रंग. बाहेर काढायची परवानगी नाही, पण नोकरी गेली तर गेली. घेऊन येऊ?

लेक: ते कुणाच्या घरचं?

संग्रहपाल: कधी कळलंच नाही. लिलावातून आलं.

लेक: मग त्या घरातलंही कुणीतरी असंच चाचपडत गेलं असेल. राहू द्या. तिची रोजची चादर घातलीय मी.

संग्रहपाल: तुमचं परत आलं की मी स्वतः आणून देईन.

लेक: आता सावकाश आणा. माझ्यामागे या घरात कुणी नाही.

संग्रहपाल: ताई, मी आत्ता आले तर चालेल? नुसतीच?

लेक: या ना. माणसं तशी कमीच आहेत.