टाकी घासली

—न्हाय ताई, टाकीतनं पडणारं पाणी लाल हाय ते मलाबी दिसतं, डोळं फुटलं न्हाय माझं. त्या कापड रंगवायच्या डाइंगमधल्या मिथुननं नाल्यात जास्तीचा रंग सोडला असंल, दुसरं काय! नाल्यात पाय घातला का फोड, म्हशी तोंड लावंनात — असला घाणेरडा शेजार आमचा, काल्हेरच्या गोदामांमागं राहणाऱ्यांचा. तुम्ही कॉलेजातनं आलात, भाताचं तूस नि नारळाच्या शेंड्या भरून टाकी बांधलीत, म्हणालात, ठमाबाई, ह्यात बारके जीव हायेत, ते रंग खातील, तुम्ही नुसती राखण करा. खाल्ला की! तीन महिनं पाणी कसं नितळ. आमची रूपा — सून हो माझी — त्याच पाण्यावर भेंडी लावून बसली.

तर आज अकरा वाजता साहेब लोक येणार, पाणी पसंत पडलं का वरच्या अंगाला अजून चार टाक्या बांधणार, सबंध नाला सुधरणार — ठाऊक हाय मला. म्हणून तर काल दिवसभर कंबर मोडून घेतली! पाव्हणं यायचं म्हटल्यावर आपण घर सारवतो का न्हाय? नि टाकीत काय ते — शी! तुसाला, शेंड्यांना, भिंतीला नुसता काळा-हिरवा बुळबुळीत थर, शेंबडावानी. वास असा, का दुपारचा घास वर आला. साहेब म्हणतील, ह्या बाईनं तीन महिनं फुकटचा पगार खाल्ला. मग काय, काथ्यानं खरवडून काढलं सगळं, शेंड्या कढत पाण्यानं धुतल्या, वरनं दोन डबे ब्लीचिंग पावडर. टाकी कशी ताटासारखी लख्ख झाली — असं का बघता? जीव? जीवांना मी कशाला हात लावीन? ते पाण्यात पोहत असतील ना, माशाच्या पिलावानी. मी घाण काढली फक्त.

काय? ती घाणच? तो शेंबूडच रंग खात होता?

अगं आई गं... नि मगाधरनं मी त्या मिथुनला शिव्या घालते. तीन महिनं ज्यानं आमच्यासाठी ते विष गिळलं, त्याला मी कढत पाणी घातलं, ह्या हातांनी. शी! किळस येते मला माझीच. थर परत धरायला किती दिवस? महिना? नि साहेब तर अकराला... सांगा ना त्यांना, डाइंगवाल्यानं — न्हाय, नको. सांगा, ठमाबाईनं मारलं. रूपालाबी मीच सांगते, आज भेंडीला पाणी लावू नको म्हणून.

थांबा. वरच्या पायपाच्या आत थोडा चिकटलेला असंल तो थर, तिथवर माझा काथ्या पोचला न्हाय. तेवढा तरी काढते, विरजणावानी परत टाकीत लावू. हातमोजे ठेवा तुमच्याकडं, बोटांनीच सुटंल तो. खांद्यापर्यंत घालावा लागंल हात — घालते. पण तोंडाला रुमाल लावून माझ्यापुढं उभ्या राहू नका. हात धुवायला पाणी आणता? कुठलं पाणी आणणार, ताई, नितळ होतं ते मीच घालवलं की! जा तुम्ही.