पुढची तारीख

केजच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. म्हातारीच्या मांडीवर दवाखान्याची फाईल होती, शेजारची तरुण होती.

"मावशी, दवाखान्यातून आल्या का?"

"व्हय. पोटात कॅन्सरची गाठ हाय. आज आपरेशन होतं."

"मग परत कावून चालल्या?"

"वजन चौतीस किलो भरलं. गेल्या साली डोक्यावरची उसाची मोळी याच्यापेक्षा जड असायची."

"डॉक्टर काय म्हणले?"

"अशा अंगात जखम भरून यायची न्हाई, म्हणले. म्हैनाभर दूध, अंडी खाऊन या."

"आधी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं की. तवा एकोणचाळीस होतं."

"घरी दूध न्हाई का?"

"दारात म्हैस हाय. सून रोज पेला भरून पुढं ठेवती."

"मग?"

"आपरेशन सुखरूप व्हावं म्हणून देवीपुढं नेम धरलाय. दूध सोडलंय अन् एक वेळच जेवते."

"डॉक्टरला सांगितलं हे?"

"देवाचं त्यांला कशाला सांगायचं?"

"आता तरी सोडा, मावशी."

"कसा सोडू, बाई? आपरेशन झाल्यावर सोडीन, असं कबूल केलंय."