सहा प्रती

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर फोटोग्राफर आणि त्यांची मुलगी उभी होती.

"बाबा, क्लाउडचा प्लॅन आज ठरवून टाकू. स्वस्तातल्यात एकाच शहरात तीन प्रती राहतात. थोडे जास्त भरले तर दुसऱ्या शहरातही तीन."

"म्हणजे सहा जणांकडे आपले फोटो?"

"जणांकडे नाही, मशीनवर. एका शहरात पूर आला तरी दुसरीकडचे शाबूत."

"यातला मूळ फोटो कुठला?"

"सगळे मूळच."

"असं कसं? निगेटिव्ह एकच असते."

"इथे नसते, बाबा."

"बरं. मी चुकून एक पुसला, तर उरले पाच."

"नाही. एक पुसला की सगळीकडचा जातो."

"मग सहा कशाला? माझं डोकंच चालेना."

"पूर, आग यांच्यासाठी."

"आपल्या स्टुडिओत यातलं काहीच झालं नाही."

"पण डिस्क बिघडून आईचे शेवटचे फोटो गेलेच ना?"

"डिस्क बिघडली नव्हती गं."

"मग?"

"मीच पुसले. जुनं काढून जागा करत होतो, भलत्याच फोल्डरवर बोट पडलं. तुला सांगायचा धीर झाला नाही."

रांग पुढे सरकली. ती दोघं तिथेच उभी राहिली.

"बाबा, पुसलेलं महिनाभर परत मागता येतं, असाही प्लॅन आहे. शहर मात्र एकच."

"एक चालेल. पण महिना पुरायचा नाही. मला सांगायलाच चार वर्षं लागली."