लागू न पडलेलं औषध

आदरणीय अध्यक्ष गुरुबसप्पा अण्णा, व्यासपीठावरील अधिष्ठाता महोदय, माझ्या नवजात कक्षातल्या सिस्टर मंडळी आणि हातातली कामं टाकून नांदेडला आलेल्या बंधुभगिनींनो,

अण्णांनी माझं फार कौतुक केलं. निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल चार शब्द जास्त बोलायचेच असतात. पण एक वाक्य तसंच सोडून मला खाली बसता येणार नाही. "डॉक्टर सत्यशीलाबाईंनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांसाठी औषध शोधलं." बाहेर फाटकावरच्या बोर्डावरही हेच छापलंय.

अण्णा, मी औषध शोधलं नाही. एक औषध तपासलं. ते लागू पडलं नाही.

दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ ऑक्सिजनवर आणि मशीनवर जगतं, आणि पुष्कळदा त्यांनीच त्याची कोवळी फुप्फुसं दुखावतात, वर्षानुवर्षं दुखावलेली राहतात. ते टळावं म्हणून आम्ही निम्म्या बाळांना श्वासनळीतून एक औषध दिलं, निम्म्यांना नाही. शेवटी दोन्हीकडची बाळं सारखीच आजारी राहिली. हे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झालं. पण ते वाचतं कोण?

म्हणून मी आईबापांना घरी जाऊन सांगितलं. बिलोलीकडची गौरम्मा अंगणात तूर पाखडत होती. तिच्या मुलीला औषध मिळालं होतं. थंडी पडली की ती पोर अजून धापा टाकते. गौरम्मानं विचारलं, "मग माझ्या लेकरानं येवढं सोसलं ते कशापायी, डॉक्टरीणबाई?"

"त्या औषधाचा उपयोग नाही, हे कळलं."

"येवढंच?"

"एवढंच."

आत जाऊन तिनं चहा टाकला. याहून जास्त लाज वाटायची वेळ पुन्हा येणार नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

ती वेळ आज आली. मघाशी मुदखेडचा अंगद फाटकात उभा होता. त्याची मुलगी आमच्या कक्षात आहे, जेमतेम ओंजळीएवढी. हात जोडून म्हणाला, "मॅडम, ते तुमचं औषध माझ्या पोरीला द्या. लई उपकार होतील."

मी म्हणाले, "अंगद, तसं औषध नाही रे."

"न्हाई कसं? बोर्डावर लिवलंय की."

तुम्ही सगळे हार घेऊन थांबला होतात. "नंतर बोलू" म्हणून मी आत आले, हार घालून घेतला, टाळ्या घेतल्या. तो बाहेरच आहे. त्याला वाटत असेल, औषध आहे, पण आपल्यासारख्याला देत नाहीत.

कर्णा बाहेरही लावलाय, म्हणजे त्याला ऐकू जात असेल. अंगद, ते औषध कुणाकडंच नाही. अण्णांच्या नातवाला लागलं असतं, तरी मी देऊ शकले नसते. आईचं दूध, तिच्या छातीची ऊब, लागेल तेवढाच ऑक्सिजन आणि वाट बघणं, एवढंच आमच्या हातात आहे. तुझी मुलगी नक्की वाचेल, असं मी म्हणत नाही. आज सकाळी तिचा ऑक्सिजन थोडा कमी करता आला, हे मात्र खरं आहे.

मंडळी, तुम्ही मायेनं बोलावलंत, मी ऋणी आहे. सोहळ्यात हे बोलायचं नसतं, ठाऊक आहे. कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. जेवायला मी थांबत नाही. अंगदबरोबर कक्षात जाते. आज संध्याकाळपर्यंत मी तिथली डॉक्टर आहे.