भावोजींची उजळणी

हॅलो?… हॅलो, रेकॉर्ड विभाग… ताई? अगं, ऑफिसच्या नंबरवर कशी तू?… माझा मोबाईल ड्रॉवरमध्ये पडलाय… हो, हो… अगं ऐक ना, आधी नीट श्वास घे.

भावोजी कुठे गेले म्हणजे?… न जेवता?… दार आपटून. बरं… आणि फोन उचलत नाहीत. मग लावत राहा की. एका कानाला मी, दुसऱ्या कानाला ते. तुला काय कठीण आहे?

एक मिनिट हं, ताई… नाही हो, ती फाईल नाही! ती नव्या लोकांच्या पोलीस चौकशीची. तुम्हाला ट्रेनिंगची हवी ना? कुलूपवालं कपाट, खालचा कप्पा. आणि नेताना सही करा, मागच्या वेळी तशीच नेलीत… हां, बोल.

काय सांगितलं त्यांनी तुला?… "कंपनीने शेवटच्या दिवशी पांग फेडले"? असं म्हणाले?… नाही गं, कंपनीने नाही. साहेबांनीही नाही… ताई, उद्याच्या ड्युटीतून त्यांचं नाव मी काढलंय.

मी म्हणजे मीच. तुझी सख्खी धाकटी बहीण… हो, आज सकाळी. आल्या आल्या.

…झालं बोलून?… अजून आहे? बरं, बोल.

…

आता मी बोलू? हे बघ, विमानाच्या सुरक्षेचं काम जो करतो त्याने दरवर्षी उजळणीचा वर्ग करायचा. परीक्षा द्यायची, सही करायची, आणि तो कागद माझ्याकडे यायचा. कागद नाही, तर विमानाजवळ उभं राहायचं नाही. भावोजींची मुदत काल संपली. यंदाचा कागदच नाही… हरवला नाही गं! माझ्याकडे कागद हरवत नाहीत.

अगं माहितीये, वर्ग तेच घेतात! इथल्या सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय, मलासुद्धा… शिकवलं हो, पण इथे स्वतः बसले कधी? हजेरीच्या कागदावर शिक्षकाच्या जागी त्यांची सही दर वेळी आहे, खाली बसणाऱ्यांच्या रांगेत एकदाही नाही. दरवर्षी मोठ्या ऑफिसात जाऊन करून यायचे, यंदा रिटायर व्हायच्या गडबडीत राहून गेलं. सगळ्यांना वाढत बसले आणि स्वतःचं पान घ्यायला विसरले… कुणाच्याच ध्यानात आलं नाही. भावोजींचं काय बघायचं, असंच वाटलं सगळ्यांना. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

काय टाकू?… मागची तारीख?… ताई… नाही… नाही गं… हो, कुणाला कळणार नाही, खरंय. कुणी विचारणारसुद्धा नाही. म्हणून तर नाही.

माहितीये गं मला उद्या काय आहे ते! तुझी चिमणी पहिल्यांदा कॅप्टन म्हणून विमान नेणार, आणि भावोजींचा शेवटचा दिवस. विमान सुटायच्या आधी सुरक्षेच्या कागदावर खाली बापाची सही, वर लेकीची… मी काय परकी आहे? तिला सायकल कुणी शिकवली? मला काहीच वाटत नसेल असं वाटतं तुला?… पण सही खरी हवी, ताई. तिच्या विमानाच्या कागदावर तर खरीच हवी.

मार्ग आहे की! सकाळीच सांगितला मी त्यांना. आज दुपारी नव्या मुलांचा वर्ग आहे, या पलीकडच्या खोलीत. बसा, परीक्षा द्या, पास व्हा, संध्याकाळी तुमचं नाव परत यादीत. तर म्हणाले, "मी? शिडीच्या वर्गात?"… शिडी गं, ती उंच मुलगी. हे नाव त्यांनीच पाडलेलं. त्यांच्याच हाताखाली तयार झाली, आता तीही शिकवते… हो ना, कालच्या पोरांपुढे बाकावर बसून शोभा करून घेऊ का, म्हणाले. आणि तणतणत घरी येऊन तुझ्यावर राग काढला… हट्टी आहेतच. पसंत तू केलंस, मी नाही.

हे काय सारखं… काही नाही गं, टेबल थरथरतंय माझं. वर्गात जाणाऱ्यांचे फोन इथे ट्रेमध्ये जमा होतात. भावोजींचाच नियम, माणूस आत, फोन बाहेर. मी साहेबांकडे गेले होते तेवढ्यात सगळे ठेवून गेलेत. त्यातला एक मघापासून जीव खातोय. असेल कुणाची तरी आई.

काय?… किती वेळा लावलास त्यांना?… आत्ताही लावतेयस?… थांब. कट कर बरं… अगं कट कर म्हणते ना.

…थांबला.

आता परत लाव.

…

ताई… अगं ताई… ठेवू नकोस, थांब. अगदी तळाशी आहे. बाजूला व्हा रे फोनांनो जरा… हाच. तू शिवून दिलेल्या पिशवीत आहे. आणि तुझं नाव काय घातलंय माहितीये यात? "कंट्रोल रूम."… हसतेस की रडतेस?… दोन्ही. बरं, चालू दे.

हो, दाराच्या काचेतून दिसतायत. पहिल्याच बाकावर. टाय लावून… शिडी बिचारी फळ्याकडे तोंड करूनच बोलतेय, मागे वळायची हिंमत नाही… ताई, हात वर केलाय त्यांनी… नाही, बोलत नाहीत. हात वर करून थांबलेत, ती बघेपर्यंत.

…मी कुठे रडतेय? सर्दी झालीये.

आत्ता नाही बोलावता येणार. परीक्षा आहे पुढे… होतील की पास. नाही झाले तर नाव नाही… हो, अजूनही नाही. सांगून ठेवते.

उद्याचा फोटो?… विमानाजवळ फोटोला परवानगी नाही गं. पण तो दोघांच्या सह्यांचा कागद शेवटी माझ्याकडेच येतो ना… नाही, कायमचा कसा? मुदत संपली की फाडतो आम्ही. कमीत कमी किती दिवस ठेवायचा, ते नियमात लिहिलेलं असतं… हो, कमीत कमी.

जास्तीत जास्त किती, ते कुठेच लिहिलेलं नाही, ताई. मी सकाळीच बघून ठेवलंय.

चल… आणि तो मोबाईल कट कर आता, ट्रे नाचतोय माझा.